दोन डाव

मंजुश्रीनं आधी बाथरूम बघितलं आणि मग आईला.

देगलूरहून सकाळच्या बसनं निघून, उदगीरला गाडी बदलून लातूरला पोचायला तिला साडेअकरा वाजले होते. रविवार होता. पिशवी दारातच ठेवून ती सरळ मागं गेली. धाकटा भाऊ मृत्युंजय 'अक्का, पाणी तर घे' म्हणत मागं मागं आला. तिनं वाकून फरशीवर तळहात फिरवला. खडबडीत फरशी. तीन वर्षांपूर्वी उदगीरचं दुकान आवरून आईवडील, म्हणजे अप्पा-अव्वा, इथं राहायला आले, तेव्हा मृत्युंजयनंच ती बसवून घेतली होती. म्हाताऱ्या माणसांचा पाय सरकू नये म्हणून.

"हितं घसरली अव्वा?"

"हाव. तीच म्हणाली."

"असल्या फरशीवर?"

"साबणाचं पाणी आसंल. मी दुकानात होतो, अक्का. शिल्पा शाळेतनं यायची होती."

"म्हंजे घरात कुणीच नव्हतं."

"अप्पा देवळात गेले होते. दामिनी होती की."

"बारा वर्षाच्या लेकराला माणसात धरायलास व्हय तू?"

मंजुश्री उठली, पदराला हात पुसला आणि पुढच्या खोलीत आली. शिवकांताबाई दिवाणावर टेकून बसल्या होत्या. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. नात दामिनी मागं गुडघ्यावर बसून त्यांची वेणी घालत होती. लेकीला बघून शिवकांताबाई हसल्या, पण ते हसू मंजुश्रीला पटलं नाही. लहानपणी घरात काही लपवायचं असलं की आई अशीच घाईनं हसायची.

"कशाला आलीस गं एवढ्या लांबनं? जरा हाडाला चीर गेलीया, बाकी काय न्हाई."

"चीर? मनगट मोडलंय म्हणाला मृत्युंजय." मंजुश्री तिच्याजवळ टेकली. "पाय नेमका कसा घसरला, अव्वा?"

दामिनीच्या हातातली वेणी सुटली. तिनं ती पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.

"घसरला म्हंजे घसरला," शिवकांताबाई म्हणाल्या. "घसरताना कुणी बघत बसतंय का?"

*

शिल्पा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. नणंदेचा एकेक शब्द तिला ऐकू येत होता, आणि तो ऐकू यावा म्हणूनच बोलला जातोय हेही तिला कळत होतं. औशाकडच्या एका खेड्यातल्या शाळेत ती शिक्षिका होती. सकाळी नऊला घर सोडायची आणि यायला सवासहा व्हायचे. दामिनी चार वाजता घरी यायची. मधले दोन तास सासूसासऱ्यांच्या भरवशावर होते, आणि त्या भरवशावरच तिची नोकरी चालली होती.

एक गोष्ट मात्र तिला दोन दिवस बरी वाटत होती. गुरुवारी सासूबाई पडल्या आणि शुक्रवारपासून पोर एकदम शहाण्यासारखी वागायला लागली. आजीच्या आधी उठत होती. पूजेला आजी डाव्या तळहातावर इष्टलिंग घ्यायच्या, पण उजवा हात कामाचा नव्हता. म्हणून दामिनीच समोर बसून पाणी घालायची, विभूती लावायची, बेल वाहायची. फोन तर तिनं मागितलाच नव्हता. एरवी रोजच्या एका तासाच्या गेमवरून या घरात रोज रडारड व्हायची. शनिवारी शाळेत शिल्पा बरोबरीच्या बाईंना म्हणालीसुद्धा, की आमच्या मुलीला एका दिवसात समज आली.

जेवायला सगळे पुढच्या खोलीत एकदमच बसले. मंजुश्रीनं पिशवीतून शेंगाच्या पोळ्या काढून प्रत्येकाच्या ताटात वाढल्या, आणि शेवटची पोळी वडिलांच्या ताटात ठेवताना म्हणाली, "अप्पा, मी एक ठरवून आलेय. अव्वाला मी देगलूरला नेते."

मलप्पांचा घास हातातच राहिला. "कशाला?"

"हात बरा होईस्तोवर. म्होरचं म्होरं बघू."

"आन् मी?"

"तुमीबी चला."

"माझ्या गोळ्या, माझा डॉक्टर सगळं हितं हाय." मलप्पांनी बायकोकडं बघितलं. ती डाव्या हातानं चमच्यात भात धरायची खटपट करत होती. तिनं मान वर केली नाही.

"अक्का, मी रजा टाकते," शिल्पा म्हणाली. "उद्याच अर्ज देते."

"किती दिवसाची? पंधरा? हाड जुळायला दीड महिना लागतोय. तू नोकरी सोड असं मी म्हणत न्हाई, शिल्पा. पण रिकाम्या घरात माझ्या आईला पाडून—"

"मी पाडलं का त्यांना?"

"माणूस न्हाई घरात, म्हणून पडली."

शिल्पानं नवऱ्याकडं बघितलं. मृत्युंजय पोळीचा तुकडा मोडत होता. मग खालच्या आवाजात म्हणाला, "अक्काचं एका अर्थानं बरोबर हाय."

चौदा वर्षांच्या संसारात शिल्पानं हे वाक्य किती तरी वेळा ऐकलं होतं. आजही ते तेवढंच लागलं. ती उठायला लागली, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"आज्जी घसरली नाही."

ताक आणायला आत गेलेली दामिनी भांडं घेऊन उभी होती.

"दामिनी," शिवकांताबाई घाईनं म्हणाल्या, "मीठ आण गं आतनं."

"मी ढकललं तिला," दामिनी म्हणाली. "बाथरूममध्ये नाही. हितं. या दिवाणापाशी."

*

गुरुवारी नेमकं काय झालं, हे दामिनीला नीट सांगता येत नव्हतं. तीन दिवस ती तेच आठवत होती, आणि दर वेळी मधला एक तुकडा सापडत नव्हता.

साडेपाच वाजले असतील. आज्जाचा फोन तिच्या हातात होता. वर्गातल्या चौघी मिळून एक गेम खेळायच्या. बेटावर उतरायचं, सामान गोळा करायचं, आणि शेवटपर्यंत टिकायचं. कानात बुद्धप्रिया ओरडत होती, 'दामिनी, माझ्या मागं ये, मागं ये.' आज्जी म्हणाली, दूध पी. ती म्हणाली, हाव. आज्जी पुन्हा म्हणाली. मग आज्जी म्हणाली, बास झालं आता, आई यायची वेळ झाली. ती म्हणाली, आत्ता नाही. मग समोरून आज्जीचा हात आला आणि फोन ओढला गेला.

यानंतरचं सापडत नव्हतं. एकदम आज्जी खाली होती. दिवाणाच्या कडेवर हात आपटल्याचा आवाज झाला होता, आणि फोन अजून दामिनीच्याच हातात होता. बुद्धप्रिया अजून ओरडत होती.

तेव्हा आज्जी पहिलं वाक्य बोलली ते असं, "रडू नको. मी बाथरूममध्ये पडले म्हणून सांगू. तू कुणाला काय बोलू नको."

ती बोलली नाही. पण आता आज्जी देगलूरला जाणार होती. आई उगाच बोलणं खात होती. आणि आज्जी, जिचा हात मोडला होता, ती खोटं बोलून बोलून दमली होती.

*

आठवलं तेवढं दामिनीनं सगळ्यांना सांगितलं. मग मृत्युंजय उठला. हात न धुताच त्यानं कपाटावरचा वडिलांचा फोन उचलला.

"आजपासून या घरात गेम बंद. कुणाच्याच फोनवर न्हाई. हा फोन मी फोडून टाकतो."

"माझा हाय तो," मलप्पा म्हणाले.

"तुमचा कसा तिच्या हातात गेला, अप्पा? एक तास शिल्पाच्या फोनवर, शिल्पा घरी आल्यावर. असं ठरलं होतं ना?"

मलप्पांनी चष्मा काढला. उदगीरच्या बाजारात माप-वजनाच्या बाबतीत ज्यांचा शब्द चालायचा, ते मलप्पा लेकापुढं अडखळले. "ती शाळेतनं आली की म्हणायची, आज्जा एकच डाव. पासवर्ड मीच सांगितला तिला. एक डाव कधी संपतो, मला काय कळतंय त्यातलं? मी देवळात जाऊन यायचो तरी चालूच असायचा."

"रोज?" शिल्पानं विचारलं.

"रोज."

"म्हणजे चार ते सहा तुमचा फोन, आणि वर रात्री माझ्याकडं एक तास." शिल्पाचा आवाज चिरका झाला. "आणि मी तिकडं पालकसभेत लोकांना सांगते, मुलांच्या हातात किती वेळ फोन द्यायचा ते!"

"त्यांना एकट्याला बोलू नको," शिवकांताबाई म्हणाल्या. "पाचला माझी मालिका असते. पोर गप बसली की मलाबी बरं वाटायचं. तिला कंटाळा यायचा तवा मीच म्हणायचे, जा, आज्जाचा घे."

मृत्युंजय फोन हातात धरून तसाच उभा होता. राग कुणावर काढायचा ते त्याला समजेना. लेकीवर काढावा तर तिनं आपणहून सांगितलं होतं. आईवर काढावा तर तिचाच हात गळ्यात होता. आणि कोरोनात शाळा बंद असताना, कटकट नको म्हणून पहिला गेम आपणच हिला घालून दिला होता, हेही त्याला नेमकं याच वेळी आठवलं.

राग काढला तो शिल्पानं. कुणाच्या लक्षात यायच्या आत तिनं दामिनीचा दंड धरला. "आजीवर हात टाकतेस? एवढीशी तू! हॉस्टेलवर टाका हिला. मला नाही जमत आता. हॉस्टेलवरच टाका."

दामिनीच्या हातातलं ताक फरशीवर सांडलं. तिनं हात सोडवून घेतला नाही.

"सोड तिला," मंजुश्री म्हणाली.

"अक्का, तुम्हीच आत्ता म्हणत होता—"

"म्हणत होते. सोड म्हणते ना." मंजुश्रीनं भाचीला जवळ ओढलं आणि आपल्या मागं उभं केलं. सकाळपासून जिला धारेवर धरायचं म्हणून ती आली होती, त्या वहिनीच्या तोंडावर अपराधीपणा बघून तिला बरं वाटायला हवं होतं. पण ते वाटत नव्हतं. "फोन फोडून काय होतंय, ते मला विचारा."

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"माझा बसवराज दहावीला होता तवा मी त्याचा फोन पायरीवर आपटून फोडला. तुम्हाला सांगितलं न्हाई कधी. आन् त्यानं अभ्यास केला. नव्वद टक्के पडले. मी पेढे वाटले." ती थांबली. "नांदेडला क्लासला टाकून दोन वर्षं व्हायली. रोज संध्याकाळी फोन करतोय, बापाला. मी घेतला की 'बरा हाय' म्हणतोय आन् ठेवतोय. तिथं त्याच्या खोलीत काय चाललंय, मला काय बी माहीत न्हाई. गेम खेळतोय का, न्हाई, काय बी न्हाई."

शिल्पा खाली बसली. सांडलेल्या ताकावर फडकं टाकलं, पण पुसलं नाही. "मग काय करायचं, अक्का? सांगा ना. मला खरंच कळत नाही."

"मला कळलं असतं तर तो माझ्याशी बोलला नसता का?"

मलप्पा म्हणाले, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मृत्युंजय म्हणाला, अप्पा, ते आता राहू द्या. मग तोच म्हणाला, फक्त रविवारी देऊ. शिल्पा म्हणाली, मग ती सहा दिवस रविवारचाच विचार करत बसेल. मंजुश्री म्हणाली, मार्क बघून द्यावा. शिल्पा म्हणाली, आजीला ढकलण्याचा आणि मार्कांचा काय संबंध? बराच वेळ सगळे असे बोलत राहिले, आणि प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर वाटत होतं.

शिवकांताबाईंनी नातीला दिवाणावर बोलावलं.

"दामू, त्या दिवशी तू 'आत्ता न्हाई' म्हणालीस. आत्ता का न्हाई?"

दामिनीनं आधी आईकडं बघितलं. "मी मधेच गेले तर बाकीच्या तिघी मरतात. म्हणजे गेममध्ये. मग त्या माझ्याशी बोलत नाहीत दुसऱ्या दिवशी. म्हणतात, हिला घेऊ नका."

"डाव केवढा असतोय?"

"बावीस मिनिटं. कधी पंचवीस."

"आन् मधे थांबवता येत न्हाई?"

"नाही. संपला की आपोआप संपतो."

शिल्पानं मान वर केली. बावीस, चव्वेचाळीस, सहासष्ट. तिच्या डोक्यात गणित आपसूक झालं. "म्हणजे माझा तास रोज तिसऱ्या डावाच्या मधेच संपतो," ती हळू म्हणाली. "दीड वर्ष मी रोज बरोब्बर त्याच वेळी फोन काढून घेते."

"मी सांगितलं होतं तुला."

"काय सांगितलं होतंस?"

"डाव राहिलाय म्हणून."

शिल्पाला आठवलं. रोजच सांगितलं होतं. रोजच तिला तो बहाणा वाटला होता.

"मग दोन डाव," शिवकांताबाई म्हणाल्या. "दोन डाव झाले की फोन खाली. घड्याळ नको बघायला."

"म्हंजे बक्षीस द्यायचं?" मृत्युंजय उसळला. "तुझा हात मोडला म्हणून?"

"मला नको फोन," दामिनी म्हणाली. "कधीच नको."

"आज नको वाटायलाय. आठ दिवसांनी वाटंल. तवा तू चोरून मागशील आन् तुझा आज्जा चोरून दील." शिवकांताबाईंनी असं म्हटल्यावर मलप्पांनी मान खाली घातली. "पण आधी एक सांग. मी पुन्हा कधी तुझा खेळ थांबवला, तर पुन्हा ढकलशील का?"

दामिनी रडायला लागली. "मला माहीत नाही आज्जी. मला तेव्हा पण माहीत नव्हतं."

'कधीच नाही' असं ती म्हणेल, असं शिल्पाला वाटलं होतं. शिवकांताबाईंनी मात्र मान हलवली. "खरं बोलली," त्या म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत घासाघीस चालली. प्लास्टर निघेपर्यंत फोन नाही, हा मृत्युंजयचा हट्ट आठ दिवसांवर आला. त्यानंतर रोज पाच वाजता, पुढच्या खोलीत, सगळ्यांसमोर, दोन डाव. त्याआधी दूध, त्यानंतर अभ्यास. मलप्पांनी पासवर्ड बदलायचा. जेवताना कुणीच फोन घ्यायचा नाही, असंही शिल्पानं मांडलं. तेव्हा मृत्युंजय म्हणाला, मोटारी-पाईपचं दुकान हाय माझं, गिऱ्हाईक जेवायची वेळ बघून फोन करत न्हाई. ते कलम तसंच अर्धवट राहिलं. सुट्टीच्या दिवशी किती डाव, तेही ठरलं नाही.

"आन् देगलूर?" मंजुश्रीनं विचारलं.

"मी न्हाई येत," शिवकांताबाई म्हणाल्या. "मी आज गेले तर या पोरीला जन्मभर वाटंल, आपणच आज्जीला घरातनं घालवलं. तूच राहा की आठ दिवस."

मंजुश्रीनं शिल्पाकडं बघितलं. आठ दिवस एका स्वयंपाकघरात. या दोघी लग्नानंतर कधी तीन दिवसांच्या वर एकत्र राहिल्या नव्हत्या.

"राहा, अक्का," शिल्पा म्हणाली. "मला बरं वाटेल." खरंच बरं वाटेल का, हे तिला ठाऊक नव्हतं, पण ती म्हणाली.

*

आठ दिवसांनी, पुढच्या सोमवारी पाच वाजता दामिनीनं दूध संपवून पेला विसळून ठेवला. मलप्पांनी पासवर्ड स्वतः टाकला. तो टाकताना त्यांनी फोन छातीशी धरला होता.

शिवकांताबाई तिच्या शेजारी बसल्या. नेहमीची मालिका त्यांनी लावली नाही. त्यांना पडद्यावरचं काही समजत नव्हतं. हिरवं बेट, पळणाऱ्या बाहुल्या, आणि फोनमधून येणारा पोरींचा गलका. 'ही तू का?' 'नाही, ही बुद्धप्रिया.' 'मग तू कुठाय?' 'मी दिसत नाही आज्जी, मीच बघतेय ना.' त्यांनी मान डोलावली. पण हे कळलेलं नव्हतं.

पहिला डाव पोरी हरल्या. दुसऱ्यात शेवटच्या दोघींपर्यंत टिकल्या आणि मग संपल्या. आत मंजुश्री आणि रजेवर असलेली शिल्पा दाराआड उभ्या होत्या. कुणी काही ओढायचं नाही, कुणी ओरडायचं नाही, असं शिवकांताबाईंनी दुपारीच बजावलं होतं.

दुसरा डाव संपला, पण दामिनीचं बोट थांबलं नाही. पडद्यावर तिसऱ्याचे आकडे उलटे पडायला लागले. दहा, नऊ.

शिवकांताबाईंनी डावा हात पुढं केला. तळवा उघडा, फोनपासून वीतभर लांब.

"आज्जी, बस दोन मिनिटं."

हात तसाच पुढं राहिला.

"जिंकणार होतो गं आम्ही. एकच."

मंजुश्रीनं पाऊल उचललं. शिल्पानं तिचं मनगट धरलं. दोघी तशाच थांबल्या.

सहा, पाच. शिवकांताबाईंचा हात अवघडला होता. एवढा वेळ हात असा धरून ठेवायची सवय या वयात राहिली नव्हती. आत कुठंतरी भीतीही होती, आणि ती आपल्या हाताला कळू नये असं त्यांना वाटत होतं. दामिनीनं हाताकडं बघितलं, फोनकडं बघितलं. तिचा श्वास जोरात चालला होता. तीन. तिनं फोन आजीच्या तळव्यावर आदळला, उठली, आतल्या खोलीत गेली आणि धाडकन दार लावून घेतलं.

"रागावली," मलप्पा म्हणाले.

"रागावू द्या की."

फोन चालूच होता. तो बंद कुठून करायचा हे शिवकांताबाईंना माहीत नव्हतं. त्या तो उलटसुलट करून बघायला लागल्या, तेवढ्यात त्यातून स्पष्ट आवाज आला.

"दामिनी? कुठं गेलीस? दामिनी!"

शिवकांताबाईंनी फोन तोंडाजवळ नेला. नेमकं कुठं बोलायचं ते कळेना, म्हणून जरा मोठ्यानं बोलल्या.

"कोण गं तू?"

"मी बुद्धप्रिया. तुम्ही कोण?"

"मी तिची आज्जी. तिचे दोन डाव झाले. उद्या पाच वाजता येते ती."